व्हिस्टा काढून एक्सपी

संगणकावर आलेली नवी कार्यप्रणाली काढून तिच्या जागी आधीची आवृत्ती बसवणे, याला मराठी बोलीत वेगळा शब्द नाही. परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू अशा गावांतल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत विंडोज नवी असो वा जुनी, ती ‘मारली’ जाते. ‘व्हिस्टा काढा आणि एक्सपी मारून द्या’ ही २००७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत गिऱ्हाइकांची नेहमीची मागणी होती, आणि ती या जिल्ह्यापुरती नव्हती. कंपन्यांच्या भाषेत या कामाला ‘डाउनग्रेड’ म्हणतात. त्या शब्दात पायरी उतरल्याचा भाव आहे. दुकानातल्या ‘मारणे’त तो अजिबात नाही. गिऱ्हाइकाला बंद पडलेले काम सुरू करून हवे असे, एवढेच.

१ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाल्यानंतर परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, जिंतूर, पाथरी, सेलू, मानवत, सोनपेठ, पालम आणि पूर्णा असे नऊ तालुके राहिले. अशा जिल्ह्यात संगणक मुख्यतः घरात नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्याच दहापैकी एकाहून कमी घरांत संगणक होता, आणि इंटरनेट जोडलेला संगणक असलेली घरे ग्रामीण भारतात एक टक्कासुद्धा नव्हती. संगणक असे तो तहसील कचेरीत, महाविद्यालयात, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात, पतसंस्थेत, टंकलेखनाच्या आणि एमएस-सीआयटीच्या वर्गात, आणि लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पत्रके जुळवून देणाऱ्या डीटीपीच्या दुकानात. म्हणजे ते पोटापाण्याचे अवजार होते. घरच्या संगणकाची विंडोज महिनाभर रडतखडत चालली तरी निभावते. लग्नसराईत डीटीपीवाल्याचा संगणक दोन दिवस अडला की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा इतिहास समजण्यासाठी हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

या इतिहासाचा आरंभ विंडोजच्याही आधी होतो. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे नेले आणि ‘जिस्ट’ नावाचे कार्ड बाजारात आणले. हे कार्ड संगणकाच्या पेटीत बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्याच काळात फॉक्सप्रोसारख्या साधनांत लिहिलेले हिशेबाचे कार्यक्रम पतसंस्था आणि अडत दुकानांत रुळले. पडदाभर निळी किंवा काळी चौकट, माउस नाही, सगळे काम कळफलकावर, छपाई डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. हे कार्यक्रम लिहून देणारा बहुधा एकटा माणूस असे. तो गाव सोडून गेला की कार्यक्रमात बदल करणारे कोणी उरत नसे, पण कार्यक्रम मात्र चालत राही. खालची कार्यप्रणाली बदलली तर तो चालेल की नाही, ही धास्ती तेव्हापासूनची.

विंडोज ९८ पर्यंत ती खरी ठरली नाही, कारण तिच्या पोटात डॉस होतेच. १४ सप्टेंबर २००० रोजी आलेल्या विंडोज एमईने खऱ्या डॉसमध्ये जाण्याचा रस्ता झाकून टाकला, शिवाय ती वारंवार अडकून पडे. तिच्यावरून ९८ वर परतणे ही या प्रकाराची पहिली ठळक लाट. पुढे २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आली. तिच्यात तर मागे जाण्याची सोय कंपनीनेच ठेवली होती: ९८ किंवा एमईवर एक्सपी चढवली असेल, तर जुनी प्रणाली डिस्कच्या एका कोपऱ्यात जपून ठेवली जाई आणि कार्यक्रम काढून टाकण्याच्या यादीतून एक्सपीच काढता येई. अट एकच, डिस्कची मांडणी तोवर एनटीएफएस पद्धतीत बदललेली नसावी. जिल्ह्याच्या गावांत या सोयीचा उपयोग थोडाच झाला. तिथे संगणक सुटे भाग जुळवून तयार होई आणि कोऱ्या डिस्कवर थेट हवी ती विंडोज मारली जाई. जपून ठेवायला आधीचे काही नसेच.

एक्सपीचेही पहिले स्वागत थंड होते, हे आता सहसा आठवले जात नाही. तिला किमान ६४ एमबी आणि बरी चालायला १२८ एमबी रॅम लागे. त्या वेळच्या कितीतरी यंत्रांत तेवढी नव्हती. पण २००१ याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरल्यामुळे शेतकऱ्यांच्या मुलांपासून निवृत्तीजवळ आलेल्या कारकुनांपर्यंत सगळे वर्गात बसले. एका पिढीचा संगणकाशी परिचय ‘स्टार्ट बटणावर क्लिक करा’ या वाक्याने झाला. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, रॅम स्वस्त झाली, प्रिंटर आणि स्कॅनर तिच्याशी जमवून घेऊ लागले. नव्या आवृत्तीला यायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला आणि तेवढ्या अवधीत एक्सपी म्हणजेच संगणक असे समीकरण बसले.

विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी ३० जानेवारी २००७ रोजी विक्रीला आली. तिला किमान ५१२ एमबी रॅम हवी होती, आणि तिचे काचेसारखे पारदर्शक रूप दिसायला १ जीबी. २५६ एमबीची यंत्रे तेव्हा सर्रास वापरात होती. नव्या लॅपटॉपवर ती आधीच बसवून येई, पण स्वस्त लॅपटॉपांत रॅम किमान मर्यादेला टेकलेली असे. यंत्र सुरू होऊन हाताशी यायला वेळ लागे, डिस्क मागे सतत घरघरत राही आणि कोणताही कार्यक्रम बसवताना ‘परवानगी आहे का’ असे विचारणारी चौकट पडदा काळवंडून समोर येई. अमेरिकेत तर ‘व्हिस्टासाठी योग्य’ असा शिक्का मारून अपुऱ्या ताकदीचे संगणक विकल्याबद्दल मायक्रोसॉफ्टवर त्याच वर्षी दावा दाखल झाला.

मराठवाड्यात याच्या जोडीला भारनियमन होते. बाजारातल्या साध्या यूपीएसची बॅटरी दहा-पंधरा मिनिटे तग धरते. उघडलेली फाइल जतन करून संगणक नीट बंद करायला तेवढी पुरतात, पण दिवसातून तीन-चारदा यंत्र बंद-चालू करायचे तर ते किती लवकर जागे होते याला महत्त्व येते. महानगरातल्या कचेरीत जी गैरसोय ती जिल्ह्याच्या गावात कामाच्या तासांची थेट वजाबाकी होती. दुरुस्त्यांचेही तेच. व्हिस्टाचा पहिला सर्व्हिस पॅक मार्च २००८ मध्ये आला आणि बऱ्याच तक्रारी त्याने कमी केल्या. परंतु स्वतंत्र फाइल म्हणून तो उतरवून घ्यायचा तर ४०० एमबीहून मोठा होता. टेलिफोनच्या तारेवरच्या डायल-अप जोडणीने तो उतरवून घेणे जवळपास अशक्यच. त्यामुळे सुधारलेली व्हिस्टा अनेकांनी पाहिलीच नाही. त्यांच्या लेखी ती पहिल्या महिन्यातच नापास झाली होती.

तरीही केवळ मंदपणामुळे एवढे लोक मागे फिरले असते असे वाटत नाही. रॅम वाढवून तो रोग बरा होत होता. खरा अडसर विंडोजच्या वर बसलेल्या मराठीच्या थराचा होता.

विंडोजमध्ये देवनागरीची स्वतःची सोय प्रथम आली ती २००० सालच्या आवृत्तीत, ‘मंगल’ या फाँटसह. तोवर मराठी छपाईचे जग आपल्या वाटेने पुढे गेले होते. सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, आणि आकृती ही त्यातली परिचित नावे. या पद्धतीत फाँटमधल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत: काना एका जागी, वेलांटी दुसऱ्या, अर्धा ‘त’ तिसऱ्या. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन चिन्हांची निरर्थक माळ; फाँट लावला तरच ती मराठी. बटण दाबल्यावर योग्य तुकडे योग्य क्रमाने टाकण्याचे काम मागे बसलेला छोटा कार्यक्रम करी. तो कळफलक आणि विंडोज यांच्या मधे उभा असे, आणि मध्येच उभे राहण्याच्या या सवयीवर व्हिस्टाच्या सुरक्षाव्यवस्थेने बंधने आणली. शिवाय यांतली काही पॅकेजे संगणकाच्या मागे खोचण्याच्या लॉकवर चालत. लॉकचा ड्रायव्हर एक्सपीच्या काळातला. नवी विंडोज त्याला ओळखत नसेल तर हजारो रुपयांचे पॅकेज मिटून बसे, आणि व्हिस्टावर चालणारी नवी आवृत्ती म्हणजे नवा खर्च.

विंडोजमध्ये आयता मिळणारा मराठी कळफलक होता, पण तो इनस्क्रिप्ट पद्धतीचा. जिल्ह्यातल्या टंकलेखन संस्थांतून बाहेर पडलेल्या माणसांची बोटे रेमिंग्टन-गोदरेजच्या यंत्रांवर घडली होती. मिनिटाला ३० शब्दांची मराठी परीक्षा ज्या मांडणीवर दिली ती मांडणी आयएसएम आणि श्री-लिपीत मिळे, विंडोजमध्ये नाही. बोटांची सवय हा भावनेचा प्रश्न नसून मजुरीचा आहे: पानामागे पैसे घेणाऱ्या टंकलेखकाने मांडणी बदलली तर काही महिने त्याची कमाई निम्म्यावर येते.

तिसरा दुवा पेजमेकर. अ‍ॅडोबीने त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये काढली आणि नंतर त्याचा विकास थांबवून इनडिझाइनकडे मोर्चा वळवला. व्हिस्टासाठी पेजमेकरला अधिकृत पाठिंबा कधीच मिळाला नाही. मराठी डीटीपी मात्र पेजमेकर आणि श्री-लिपी या जोडीवर उभी होती. दिवाळी अंकांची पाने, ग्रामपंचायतींचे नमुने, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, शेकडो लग्नपत्रिकांचे तयार साचे हे सगळे त्या फाइलींत. नाव, गोत्र, तिथी आणि मुहूर्त बदलला की पत्रिका तयार होई. साचा उघडत नसेल तर दुकान नव्याने उभे करावे लागे.

डॉसवाल्यांची अडचण याहून साधी होती. एक्सपीत जुना कार्यक्रम पूर्ण पडद्यावर चाले. व्हिस्टाच्या नव्या धाटणीच्या चित्र-ड्रायव्हरने पूर्ण पडद्याचे डॉसच बंद केले. ‘ही यंत्रणा पूर्ण पडदा दाखवू शकत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना येई आणि पतसंस्थेचे खाते छोट्या चौकटीत बारीक अक्षरांत वाचावे लागे. ६४ बिटांच्या विंडोजवर तर १६ बिटांचे कार्यक्रम मुळीच चालत नाहीत.

मागे जाण्याचा कायदेशीर मार्ग अस्तित्वात होता. व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट या महाग आवृत्त्यांबरोबर एक्सपी प्रोफेशनल वापरण्याचा हक्क मिळे. त्यासाठी एक्सपीची सीडी आणि क्रमांक स्वतः मिळवायचा आणि फोनवरून मंजुरी घ्यायची. होम बेसिक आणि होम प्रीमियम या आवृत्त्यांना तो हक्क नव्हता, आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर याच असत. त्यामुळे प्रत्यक्षात जे झाले ते बहुतांशी परवान्याबाहेर झाले: पैसे मोजून घेतलेली अस्सल व्हिस्टा पुसून तिच्या जागी एकाच सीडीवरची नक्कल केलेली एक्सपी. चोरीच्या मालासाठी अस्सल माल फेकून देण्याचा असा व्यवहार इतर कुठल्या बाजारात क्वचितच सापडेल.

काम दिसते तितके सरळ नव्हते. व्हिस्टा चालू असताना एक्सपीची सीडी घातली तर ती ‘या संगणकावर याहून नवी आवृत्ती आहे’ म्हणून नकार देई. म्हणून संगणक सीडीवरूनच सुरू करावा लागे. मग दुसरी अडचण. २००१ मध्ये तयार झालेल्या एक्सपीला साटा डिस्कच्या नव्या एएचसीआय पद्धतीची ओळख नव्हती. फाइली वाचल्या जात, पडदा क्षणभर थांबे आणि निळा होई. त्यावरच्या लांब आकड्याच्या शेवटी ७बी. तो ड्रायव्हर फ्लॉपीवरून देण्याची सोय एक्सपीत होती, पण लॅपटॉपमधून फ्लॉपी केव्हाच गेली होती. उपाय दोन. बायोसमध्ये शिरून डिस्कची पद्धत जुन्या आयडीईवर न्यायची, किंवा एनलाइट या फुकट साधनाने ड्रायव्हर आधीच मिसळलेली नवी सीडी बनवायची. पहिला उपाय शिकलेल्या मेकॅनिकची कीर्ती तालुकाभर होई.

यानंतर निळसर पडद्यावर ‘सुमारे ३९ मिनिटे’ अशी उलटी गणती सुरू होई. त्या ३९ मिनिटांत वीज गेली तर पहिल्यापासून आरंभ. गणती संपल्यावर आवाज, वायफाय, चित्र यांचे ड्रायव्हर हुडकायचे. काही लॅपटॉपांसाठी कंपनीने एक्सपीचे ड्रायव्हर काढलेच नव्हते. अशा यंत्रांवर एक्सपी वेगाने चाले, पण मुकी. आणि सर्वांत महाग चूक म्हणजे घाई. डेस्कटॉपवर आणि ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवलेल्या फाइली, तसेच वर्षानुवर्षे जमवलेले फाँट, हे सारे सी ड्राइव्हवर असते. ‘डाटा डीमध्ये आहे ना?’ हा दुकानातला पहिला प्रश्न याच अनुभवातून आला.

परतीची एक किंमत मात्र खास भारतीय भाषांनी मोजली. व्हिस्टात देवनागरी युनिकोड विनाखटपट चाले. वेगळे काही बसवावे लागत नसे. एक्सपीत ती मुळातून बंद असे. प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन ‘गुंतागुंतीच्या लिप्या’ या ओळीपुढे खूण करावी लागे, त्यासाठी सुमारे १० एमबी जागा आणि पुन्हा तीच सीडी लागे. खूण करायची राहिली की मराठी संकेतस्थळे आणि ई-मेल यांच्या जागी चौकटी दिसत. फाँट कुठून आला असेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजव्या हाताला आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी. म्हणजे जुन्या पद्धतीची छापील मराठी वाचवण्यासाठी ज्यांनी व्हिस्टा काढली, त्यांनी नव्या पद्धतीची मराठी आपल्या हातानेच बंद केली. बहुतेकांना हे जाणवलेही नाही, कारण डीटीपीच्या कामात युनिकोड तेव्हा लागत नव्हते. इंटरनेटवर मराठी वाढत असताना छपाईची मराठी तिच्यापासून तुटलेली राहिली, त्याला या परतीचाही थोडा हातभार लागला.

जगभर हीच ओढाताण वेगळ्या कारणांनी चालू होती. एप्रिल २००७ मध्ये डेलने ग्राहकांच्या आग्रहावरून काही यंत्रांवर पुन्हा एक्सपी देऊ केली. एक्सपीची विक्री ३१ जानेवारी २००८ ला थांबायची होती. ती ३० जूनपर्यंत लांबवली गेली. इन्फोवर्ल्ड या अमेरिकी नियतकालिकाने ‘एक्सपी वाचवा’ अशी सह्यांची मोहीमच काढली. त्या तारखेनंतरही छोट्या, स्वस्त नेटबुकांवर एक्सपी मिळत राहिली, कारण व्हिस्टा त्यांना पेलत नव्हती.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ ने वाद मिटवला. ती व्हिस्टाच्याच पायावर उभी होती, पण हलकी. दरम्यान रॅमही २ जीबीपर्यंत गेली होती आणि मराठी पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या आल्या होत्या. विंडोज ७ च्या प्रोफेशनल आवृत्तीत खिडकीच्या आत एक्सपी चालवण्याची ‘एक्सपी मोड’ नावाची सोय होती. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा अधिकृत आधार संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर कार्यक्रम पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला निवृत्त एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली.

विंडोज ८ (२६ ऑक्टोबर २०१२) ने स्टार्ट बटणच काढले आणि तिसरी लाट उसळली. ज्यांचे संगणक शिक्षण त्या बटणापासून सुरू झाले होते त्यांना डाव्या कोपऱ्यातली रिकामी जागा पाहून यंत्र बिघडल्यासारखेच वाटे. या वेळी मागे जाणे अधिक अवघड होते. नव्या यंत्रांत बायोसच्या जागी यूईएफआय आले होते. ‘सिक्युअर बूट’ बंद करून, ‘लेगसी’ पर्याय चालू करून आणि डिस्कची विभागणी नव्याने आखूनच ७ बसे. परवान्याचा क्रमांकही आता तळाच्या चिठ्ठीवर नसून यंत्राच्या चिपमध्ये लपलेला असे. २०१५ नंतरच्या इंटेल यंत्रांत तर ७ ची मांडणी सुरू होताच माउस आणि कळफलक निपचित पडत, कारण तिच्याकडे यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता. विंडोज १० ने (२९ जुलै २०१५) मात्र एक्सपीची जुनी उदारता परत आणली: आधीची प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये राही आणि महिनाभरात मागे जाता येई. पुढच्या वर्षी ही मुदत दहा दिवसांवर आली. विंडोज ११ मध्येही ती तेवढीच आहे.

मराठीच्या थराने घातलेली अट मधल्या काळात सैल झाली, ती प्रामुख्याने सरकारी कामामुळे. देशात भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा पथदर्शी प्रयोग १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता. पुढे राज्यभर सातबारा संगणकावर आला, आणि आता तो युनिकोडमध्ये, संकेतस्थळावर आहे; १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळतो. असे काम ब्राउझरमध्ये चालते. त्याला खाली कोणती विंडोज आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते.

उरले ते जुने साचे. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडत. त्यानंतरच्या आवृत्त्यांतून ती सोय गेली. फाइल उघडली तरी आतला मजकूर त्याच जुन्या फाँटशिवाय निरर्थक चिन्हांची माळ असतो आणि फाँट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणल्यावर जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात. म्हणून पंचवीस वर्षांपूर्वीच्या मजकुराची गरज पडली तर सोपा मार्ग अजूनही तोच आहे: नव्या यंत्रात आभासी संगणक उभारून त्यावर, किंवा कोपऱ्यातल्या जुन्या, इंटरनेटची तार काढून ठेवलेल्या यंत्रावर, एक्सपी चालू करायची.